शेजारणीनं घेतलेलं नाव

अंबरनाथ,
आश्विन शुद्ध षष्ठी, सन १९५७

तीर्थस्वरूप सौ. वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे मथुरेचा, नमस्कार पोचावा. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. त्यातलं खरं किती ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा, भावोजींचा दमा आणि गाभण म्हैस ही मंडळी कशी आहेत? (क्रम चुकला असल्यास क्षमा असावी. तुमच्याकडे म्हशीची चौकशी आधी करायची असते, हे मी दर वेळी विसरते.)

चिमीच्या डोहाळजेवणाला मी आले नाही म्हणून तुम्ही रागावला आहात, हे सदू दूधवाल्यानं सांगितलं. तुमचा निरोप त्यानं सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पोचवला. ‘अंबरनाथच्या लोकांना क्वार्टर मिळाल्यापासून वांगणी दिसेनाशी झाली’ हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा तुमच्या चालीवर. वन्सं, लेकीसारख्या चिमीची ओटी भरायला मी आले नाही याचं कारण एवढंच, की त्या दिवशी मी मुंबईला कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर टेबलावर आडवी होते. (बसून घ्या. पाणी प्या. मी जिवंत आहे आणि अक्षर माझंच आहे.) मध्ये एक बदलापूर टाकलं की वांगणी येते, तरीही हे मी पाकिटात घालून पाठवते आहे, कारण तुमच्यासमोर बसून सांगायची छाती देवानं मला दिलेली नाही. तुम्ही नुसतं पाहिलंत तरी चहात साखर घातली की मीठ, ते मला आठवत नाही. शिवाय विषय असा आहे, की त्याला चारचौघींत घेता येईल असा शब्दच आपल्याकडे ठेवलेला नाही. जे आहेत ते शिव्यांत खर्ची पडले आहेत.

तर सुरुवातीपासून सांगते. कारखान्याच्या वसाहतीतल्या दवाखान्यात या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. विलायतेत शिकून आलेल्या, केस कापलेले, पण बोलायला गोड. त्यांनी पाटी लावली, की पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं, काही होत असो वा नसो, बुधवारी येऊन आतून तपासून घ्यावं. आतलं जरासं पाणी काचेच्या पट्टीवर पुसून घ्यायचं, पट्टी मुंबईला जाते, तिथे दुर्बिणीखाली पाहतात आणि गर्भाशयाच्या तोंडाशी रोग धरायच्या बेतात असला तरी कळतं. काही होत नसताना डॉक्टरकडे जायचं ही कल्पनाच आम्हाला नवी. काही होत असतानाही आम्ही जात नाही. पहिल्या बुधवारी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या बुधवारी एक बाई आली, ती मुलाचा कान फुटला म्हणून.

शेवटी महिला मंडळानं युक्ती काढली. श्रावणातल्या शुक्रवारचं हळदीकुंकू यंदा दवाखान्यात ठेवलं. दूध-फुटाणे मिळणार म्हटल्यावर बायका कुठेही जातात, त्यात मीही आले. नथ घालून, अंबाड्यावर वेणी माळून आम्ही सगळ्या गेलो. कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला, दार लागलं आणि डॉक्टरीणबाई हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, की आता दोघी-दोघींनी पडद्यामागं चला. ओटी भरल्यावर उठून पळणं म्हणजे अपशकुन. मंडळाच्या बायकांनी आम्हाला असं खिंडीत गाठलं.

पुढचं वाक्य तुम्ही डोळे मिटून वाचा. वन्सं, नऊवारी नेसलेल्या बाईला टेबलावर झोपवून तपासायचं म्हणजे काय याचा विचार विलायतेत कुणी केलेला नाही. काष्टा सोडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक बाळंतपण उरकलं असतं. नथ तशीच, पायात जोडवी तशीच, आणि मधलाच भाग सरकारजमा. जिथे मी स्वतः कधी पाहिलेलं नाही आणि तुमच्या बंधूंनी दिवा मालवल्याशिवाय कधी काही विचारलेलं नाही, तिथे ती पोरगेली बाई टॉर्च मारून ‘छान, छान, श्वास घ्या’ म्हणत होती. दुखलं म्हणावं तर नाही. लाज मात्र इतकी वाटली, की मी पूर्ण वेळ छतावरच्या पालीकडे पाहत होते आणि ती पाल माझ्याकडे.

आता खरा घोटाळा ऐका. दवाखान्यातली सगळी कागदपत्रं नवऱ्याच्या नावावर, कारण कारखान्यात नोकरी त्याची. आमची आजारपणंसुद्धा यांच्याच नावानं चालतात. तेव्हा काचेच्या पट्टीवर चिकटवायच्या चिठ्ठीवरही नवऱ्याचंच नाव. हे काम ईश्वरी नावाच्या नर्सकडे होतं. ती उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातली सिंधी मुलगी, नवी नवी लागलेली, आवाज बाजारात वाढलेला. दोन टेबलं, मध्ये पडदा, पुढेही पडदे. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर शेजारची कुमुदिनी (विष्णुपंतांची बायको, हार्मोनियमवाले विष्णुपंत, तुम्ही त्यांना एकदा ऐकलं होतंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत गेला होतात). पडद्यांबाहेरून ईश्वरीनं विचारलं, हजबंड का नाम? पाळी माझी होती. आता वन्सं, लग्न झाल्यापासून मी यांचं नाव घेतलेलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे मला सासूबाईंनी सांगितलं आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून मान हलवलीत. मी नुसती पालीकडे पाहत राहिले. माझी अडचण ओळखून कुमुदिनीनं पलीकडच्या पडद्यातून तुमच्या बंधूंचं अख्खं नाव आडनावासकट पुकारलं. बायका एकमेकींसाठी करतात तसं. मग ईश्वरीनं दुसरं नाव विचारलं, कुमुदिनी लाजली, आणि उपकाराची फेड म्हणून मी इकडून ‘विष्णुपंत’ म्हणून ओरडले. ईश्वरीला दिसत कुणीच नव्हतं. ज्या पडद्यातून जे नाव आलं, ते तिनं त्या पट्टीवर चिकटवलं. आम्ही दूध-फुटाणे घेऊन घरी आलो.

गणपतीत मुंबईहून निरोप आला, की विष्णुपंतांच्या कुटुंबाच्या पट्टीत काळजी करण्यासारखं दिसतं आहे, तरी त्यांनी ताबडतोब पुढच्या तपासणीला यावं. बाकी सगळ्या जणी ठीक. त्या दिवसापासून कुमुदिनीनं मरायची जी तयारी सुरू केली तशी तिनं मुलीच्या लग्नाचीही केली नसती. पैठणी मला दिली. लोणच्याच्या बरण्या आळीत वाटल्या. सासूला बोलावून, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एका दुपारी ऐकवलं, आणि मरणाऱ्या माणसाला काय बोलायचं म्हणून सासूनं ऐकूनही घेतलं. विष्णुपंतांना तिनं शांतपणे सांगितलं, की तुमचं वाजवणं मला कधीच आवडलं नाही. त्यांनी हार्मोनियमवर गोधडी घातली. आळीत असं वातावरण होतं, की एकीकडे तिच्यासाठी जीव तुटत होता आणि एकीकडे संध्याकाळी कसं छान शांत वाटत होतं.

मी काय केलं म्हणता? मी तिची समजूत घातली. रोज दुपारी ताटली झाकून घेऊन जायची आणि शेजारी बसून बोलायची. भिऊ नको, म्हटलं. देह म्हणजे काय, भाड्याची जागा, म्हटलं. आणि तपासणी टाळू नको, लाज धरून बसशील तर जीव गमावशील, मुलांकडे पाहा, शहाणी आहेस ना, असंही म्हटलं. मी इतकं चांगलं बोलत होते, की कधी कधी माझं बोलणं ऐकून माझेच डोळे भरून यायचे. तुमचे बंधूही विष्णुपंतांना घेऊन रोज संध्याकाळी शिवमंदिरापर्यंत फिरायला जात, त्यांना धीर म्हणून. वाटेत दोघंही काही बोलत नसत. पुरुषांचा धीर असाच असतो.

कुमुदिनी मुंबईला गेली, तिथे तिला पुन्हा तपासलं, पुन्हा पट्टी घेतली, आणि डॉक्टर म्हणाले, की बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. ती घरी आली ती आनंदानं नव्हे, रागानं. सासूला जे बोलली ते आता परत कसं घेणार, आणि बरण्या तर लोकांनी रिकाम्या केल्या होत्या. माझ्याकडे पैठणी न्यायला आली (मी ती गौरीला नेसले होते, निरीला खिरीचा डाग पडला आहे, तो तिला अजून दिसलेला नाही). मी थालीपीठ लावत होते. ती ओट्याला टेकून बडबडत होती, की असं कसं चुकलं, त्या दिवशी तर मी धड नावसुद्धा घेतलं नव्हतं. नाव तर तुम्ही घेतलंत माझ्या यांचं. आणि तुमच्या यांचं मी.

एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ती पट्टी माझी होती. वन्सं, मला ते आधीच ठाऊक होतं. नावांचं नव्हे, दुसरं. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि चैत्रापासून मला पुन्हा डाग पडत होता. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा कोपऱ्यात बसावं लागलं असतं, स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, आणि तुमच्या बंधूंच्या हातची आमटी. शिवाय तुम्हाला कळलं असतं तर यंदाच्या गौरी तुम्ही वांगणीला नेल्या असत्यात. म्हणून मी गुपचूप धुतलं, गुपचूप वाळवलं आणि सोवळ्यात पुरण घातलं. (देवीनं नैवेद्य घेतला. तिची काही तक्रार आलेली नाही.) थालीपीठ करपायला लागलं. कुमुदिनीनं माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि थालीपीठ उलटलं.

आता तुम्हाला वाटेल, की एवढं ज्ञान दुसरीला पाजळलेली बाई दुसऱ्या दिवशी उठून दवाखान्यात गेली असेल. मी कुठली जाते. मी म्हटलं, अनंत चतुर्दशी होऊ दे. मग म्हटलं, पितृपंधरवडा लागला, या दिवसांत कुणी नवीन काही सुरू करतं का. मग मला मेतकुटाची डाळ भाजायची होती, मग पाहुणे यायचे होते (कुणी येणार नव्हतं). कुमुदिनी रोज दुपारी झाकलेली ताटली घेऊन यायची आणि माझी भाषणं मला परत ऐकवायची, एक शब्दसुद्धा न गाळता. देह म्हणजे भाड्याची जागा, मथुराबाई, असं ती म्हणाली तेव्हा मला तिला तिच्याच ताटलीनं मारावंसं वाटलं. दुसऱ्याचा देह भाड्याचा वाटतो, आपला मात्र घरचा असतो.

शेवटी तिनं ईश्वरीला सांगितलं, आणि ती कॅम्पातून थेट माझ्या दारात. झोपाळ्यावर बसायला सांगितलं तर उंबऱ्यावर बसली, चहा दिला तर घेतला नाही. म्हणाली, “माई, तुम आज नाही आला तो मी उद्या येणार. उद्या नाही तो परवा. मैं सिंध से इधर तक आई है, तुमच्या घरी यायला मला काय आहे?” आणि खरंच आली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी येताना स्वतःच्या आईला घेऊन आली. त्या माउलीला मराठी येत नाही, मला सिंधी येत नाही, तरी ती माझा हात हातात घेऊन इतका वेळ रडली, की तिला गप्प करायला मी येते म्हणून कबूल झाले. ईश्वरीला आपल्या हातून घोटाळा झाला म्हणून वाईट वाटत होतं. मी म्हटलं, बाळ, तुझा काही दोष नाही, तू विचारलंस तेच लिहिलंस. दोष आमच्या पतिव्रतेपणाचा आहे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि नवीन पट्टी घेऊन विचारलं, पतीचं नाव? मी कुमुदिनीकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. ईश्वरी लेखणी धरून उभी. मग मी घेतलं, वन्सं. स्पष्ट, आडनावासकट, दोनदा, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. आणि मला एकदम राग आला. इतकी वर्षं मी यांचं आयुष्य जपत होते, रोज, तोंड मिटून. आणि त्या मिटलेल्या तोंडापायी माझं आयुष्य दुसऱ्या बाईच्या नावानं मुंबईला फिरून आलं. घरी परत येताना मात्र मी धावतच आले. तुमचे बंधू धडधाकट होते, वर्तमानपत्राचं मधलं पान कुठे गेलं म्हणून चिडले होते. मी त्यांना बघून देव्हाऱ्यात दिवा लावला आणि मग मधलं पान शोधून दिलं, त्यावर मी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

पुढचं थोडक्यात. मुंबईला तपासलं, एक कणभर तुकडा काढून घेतला, आणि तृतीयेच्या दिवशी, तुमच्याकडे चिमीची ओटी भरत होते तेव्हा, मला पुन्हा टेबलावर तपासून सांगितलं. रोग आहे, पण अगदी उंबऱ्यावर आहे, आत आलेला नाही. दसरा झाला की सोमवारी पिशवी काढून टाकणार. आणखी वर्ष-दीड वर्ष मी सोवळ्यात राहिले असते तर कुणाच्या हातात काही राहिलं नसतं, असं तिथले म्हातारे डॉक्टर म्हणाले. पिशवीबद्दल मला फार वाईट वाटत नाही. तिनं पाच बाळंतपणं केली, पेन्शनीत जायचं वय झालंच होतं. पण नंतरही तीन-तीन महिन्यांनी तपासायला जायचं आहे, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षानं, आणि ते चुकवायचं नाही. ईश्वरीनं ते माझ्या पंचांगात लाल शाईनं लिहून ठेवलं आहे. एकादशीच्या रांगेत आता माझाही एक उत्सव आला.

तेव्हा चिमीला सांगा, मामीवर रागवू नकोस. तिच्यासाठी हिरवा खण आणून ठेवला आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीला जे योग्य असेल ते.

तुमची,
मथुरा

ता. क. – कुमुदिनीचा आग्रह आहे, की या पत्रात तिच्या पैठणीचा उल्लेख करू नये. केला नाही असं मी तिला सांगितलं आहे.

ता. क. दुसरी – वन्सं, पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहवलं नाही. ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागते आणि तुमच्या बंधूंना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. मुंबईच्या सगळ्या खेपा मी कुमुदिनीच्या सोबतीला म्हणून केल्या. डॉक्टरला सांगितलं, नर्सला सांगितलं, तिच्या आईलाही खुणांनी सांगितलं, पण यांच्यासमोर ताट वाढलं की शब्द फुटत नाही. बायकांच्या जागेचं दुखणं पुरुषाला कोणत्या भाषेत सांगतात, ते मला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही थोरल्या आहात, तुमच्यापुढे ते मान वर करत नाहीत. शनिवारपर्यंत या आणि त्यांना सांगा. मला भीती वाटते, वन्सं. वर एवढा फाजीलपणा केला तो त्याच्यासाठीच. तुम्ही येऊन मला वाटेल ते बोला, पण या.

—

ती. ताईस सा. न. तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे दिलं. नेहमीप्रमाणे खाली माझा नमस्कार लिहावा म्हणून कागद उघडला तर शेवटचं पान वर होतं. ते वाचलं, मग बाकीचं वाचलं. हे सर्व मला पितृपंधरवड्यापासून ठाऊक आहे. विष्णुपंतांच्या पोटात काही राहत नाही. फिरायला गेलो असता देवळापाशी ते माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले, तेव्हा विचारावं लागलं. हिनं आपण होऊन सांगावं म्हणून थांबलो. रोज जेवताना वाटायचं, आज सांगेल. सही काल दवाखान्यात जाऊन करून आलो, रजाही मंजूर झाली आहे. झोप लागत नाही. तेव्हा मला सांगायला येण्याची जरुरी नाही, पण तू शनिवारी ये. मला ठाऊक आहे हे तिला कसं सांगावं ते मला कळत नाही. ते तू सांग.

तुझा,
चिंतामणी